गुंठ्या-गुंठ्याने घरं वाढू द्यायची की गावठाण वाढवायचं?

खाचरवाला (धागाकर्ता):
शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तो तुकडेबंदी कायदा; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यात बदल करणारा अध्यादेश निघाला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार, जमीन आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेली असेल तर, शुल्क न घेता नियमित होणार. आधी यासाठी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरावे लागत, नंतर ते ५ टक्क्यांवर आलं, आता शून्य. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी साठेखतावर गुंठा घेतला आणि अजून सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांना दिलासा मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या घरांबद्दल आहे. आमचा मुळशी-मावळचा पट्टा भाताचा. आंबेमोहोर, इंद्रायणी. इथं खाचरं, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, एकाखाली एक असतात. वरच्या खाचराचं पाणी बांधातल्या तोंडावाटे खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. आमच्या वरच्या अंगाला एकानं चार गुंठे घेतले, चार फूट मुरूम टाकून भराव केला आणि कंपाउंड बांधलं. जमीन गेली चार गुंठे. पाणी तुटलं खालच्या सगळ्या खाचरांचं. जुलैत त्याच्या भिंतीच्या वरच्या बाजूला तळं साचतं आणि खाली आमची रोपं आवणीची (लावणीची) वाट बघत पिवळी पडतात. तलाठ्याकडे गेलो तर म्हणाले, त्याची जागा, त्याचा भराव. मोजणी बरोबर आहे, हद्द बरोबर आहे. पाण्याला कुठल्याच कागदावर जागा नाही.

माझं म्हणणं एवढंच: घर बांधायला विरोध नको, पण जागा कुठली हे ठरवताना नियम दोनच गोष्टी बघतात, क्षेत्र किती आणि गावठाणापासून अंतर किती. जमीन वरकस (भाताला न लागणारी, हलकी) आहे की खाचर, कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे की माळ, हे बघणारं कलम वापरात दिसत नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी वरकसावर गावठाण वाढवा, रस्ता-गटार-नळ एकदाच करा, आणि खाचरात भरावाला सरळ बंदी घाला. काय म्हणता?

चौथाहिस्सा:
दादा, तुमचं खाचर वाचावं हे मलाही वाटतं. पण एकदा आमच्या गावठाणात येऊन बघा. इंग्रजांच्या मोजणीत जी हद्द पडली ती आजही तीच आहे. आजोबांचं तीन खणांचं घर, त्यात वडील आणि तीन चुलते, आता आमची पिढी. भिंतीला भिंत लागून घरं, वर चढवायचं तर खालची भिंत मातीची. संडास बांधायला जागा नाही म्हणून चुलत्यानं ओसरीचा कोपरा कापला. लग्न ठरवायला पाहुणे आले की पहिला प्रश्न, "मुलाला खोली वेगळी आहे का?"

आणि शेत? आहे की, दीड किलोमीटरवर. स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशानं घर बांधलं तर ते बेकायदा. ग्रामपंचायत नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नोंद घेते, घरपट्टी वसूल करते, वीजमंडळ मीटर देतं. बँकेत कर्ज मागायला गेलो की साहेब सातबारा उलटा-सुलटा करतात आणि विचारतात, "एन.ए. (बिगरशेती परवानगी) कुठाय?" मग सावकार नाहीतर पतसंस्था.

"दर दहा-पंधरा वर्षांनी गावठाण वाढवा" हे ऐकायला छान आहे. किती गावांचं वाढलं? धरणग्रस्तांची पुनर्वसन गावठाणं सोडली तर आमच्या तालुक्यात मला एकही ठाऊक नाही. जे होणार नाही त्याच्या भरवशावर आम्ही आज थांबायचं?

निवृत्त भाऊसाहेब:
तलाठी म्हणून नोकरी संपवली आहे, म्हणून थोडं कागदाचं बोलतो.

पहिलं म्हणजे १९४७ चा हा तुकडेबंदी कायदा घरांसाठी केलेलाच नव्हता. त्याचं नावच तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत आणि एकत्रीकरण करण्याबाबत आहे. शेत एवढं लहान होऊ नये की औत फिरवायला जागा उरू नये, हा हेतू. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा चालत नाही ते) जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे ठरलं. त्यानंतर विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांच्यासाठी त्याहून लहान तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं वाटही करून दिली. म्हणजे गरजू घराचा विचार झालेलाच नाही असं नाही.

दुसरं. महसूल संहितेचं कलम ४२-ड आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती झाल्याचं मानलं जातं. त्यासाठी ठरलेला आकार भरायचा. बांधकामाची परवानगी मात्र वेगळी. चौथाहिस्सा, तुमचं रान दीड किलोमीटरवर म्हणजे तुम्हाला याचा उपयोग नाही, हे कळतं.

पण खाचरवाल्यांच्या मुद्द्याला यात एक जास्तीची मेख आहे. आपल्याकडे काळी आणि पांढरी अशी गावाची जुनी वाटणी. पांढरीत वस्ती, काळीत पीक. पांढरीला लागून असलेली जी काळी, तिथं पिढ्यानपिढ्या उकिरड्याचं खत पहिलं पडतं, जाणं-येणं सोपं, राखण सोपी. गावातली सगळ्यात कसदार जमीन बहुधा गावालगतचीच असते. आणि २०० मीटरचा कंपास नेमका तिच्यावरच फिरतो. मी असे नकाशे हातात घेऊन बसलो आहे. अंतर मोजणं सोपं असतं म्हणून अंतराचा नियम होतो. मातीचा पोत बघायचा तर कृषी सहायकाला बांधावर न्यावं लागतं.

गावठाण वाढवण्याचा अधिकार कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेच्या ठरावापासून सुरुवात होते. ठराव होत नाहीत, कारण वाढीव गावठाणात कुणाची जमीन जायची यावर गाव एक होत नाही.

प्लॉटिंगवाला:
मी हाच धंदा करतो, लपवत नाही. एजंटला शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी गिऱ्हाईक कोण आहे ते ऐका.

हिंजवडीत कंपन्यांच्या गाड्या चालवणारा ड्रायव्हर, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या ताई, मॉलचा सुरक्षारक्षक, बीडहून-परभणीहून आलेला गवंडी. यांना पुण्यात फ्लॅट कुठल्या जन्मी परवडणार? माझ्याकडे हप्त्यावर अर्धा गुंठा, एक गुंठा घेतात. पत्र्याची खोली टाकतात. पाच वर्षांनी स्लॅब पडतो. हीच त्यांची गृहनिर्माण योजना. सरकारी योजनेत यांची नावं येत नाहीत, कारण गावाकडच्या यादीत हे "स्थलांतरित" आणि इथल्या यादीत "बाहेरचे".

कायद्यानं गुंठ्याची नोंदणी होत नाही म्हणून काय झालं? खरेदी थांबली नाही. दहा-अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत आणि त्यावर दहा नावं, सामाईक सातबारा. नाहीतर नोटरी आणि कुलमुखत्यारपत्र. कायदेशीर लेआउट करायचा तर एक एकरात रस्ते आणि मोकळी जागा सोडून पंचवीस-अठ्ठावीस गुंठे विकायला उरतात, वर परवानगीचा खर्च आणि वेळ. तो सगळा भार गुंठेवाल्याच्या भावात जातो. मग तो घेऊच शकत नाही.

२००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतची बांधकामं नियमित करायची म्हणून. २०२१ ला तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं ढकलली. आता तुकडेबंदीचा अध्यादेश. सरकारलाही माहीत आहे की लोक बांधणारच. मग आधीच सरळ परवानगी द्या ना.

खाचरवाला:
प्लॉटिंगवाले, ड्रायव्हरला घर मिळायला हवं यावर आपलं भांडण नाही. पण तुम्ही त्याला विकता ते घर नसतं, दहा फुटी वाटेवरचा चौकोन असतो. पाणी नाही, गटार नाही. शोषखड्डा आणि बोअर एकाच गुंठ्यात. दहा वर्षांनी तोच ड्रायव्हर ग्रामपंचायतीपुढं हंडा घेऊन बसतो आणि पंचायत म्हणते रस्ता खासगी आहे. तुम्ही तोवर पुढच्या गटात बोर्ड लावलेला असतो.

"तारीख पुढं ढकलली" हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि मला तोच उलटा दिसतो. दर वेळी तारीख पुढं जाते हे कळल्यावर कायदा पाळून दीड वर्ष परवानगीसाठी थांबणारा मूर्ख ठरतो.

फोंडेकर:
गोव्यातून लिहितोय. तुमच्याकडे गुंठ्याचं भांडण आहे, आमच्याकडे रंगाचं. 'प्रादेशिक आराखडा २०२१' नावाच्या आमच्या आराखड्यात शेतं, डोंगर, बागायती यांना वेगवेगळ्या रंगांचे विभाग ठरवून दिलेले. मग नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यात "नजरचुकीनं" राहिलेल्या चुका दुरुस्त करायला म्हणे. प्रत्यक्षात एकेका भूखंडासाठी अर्ज, आणि शेताचं वस्तीत रूपांतर. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं १३ मार्च २०२५ ला त्याखालचे नियम रद्द केले. तसाच विभागबदल करू देणाऱ्या कलम ३९-अ वरून भांडण चालूच आहे.

दुसरीकडे २०२३ ला शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही केलाय. एका हातानं कुलूप, दुसऱ्या हातानं चावी.

मला खाचरवाल्यांचं पटतं, पण एक सांगतो. "जमीन बघून ठरवा" म्हणालात की ठरवणारा कोणीतरी लागतो, आणि तो कोणीतरी विकला जाऊ शकतो. २०० मीटरचा नियम आंधळा असेल, पण त्यात अर्ज घेऊन मंत्र्याच्या दारात जावं लागत नाही. आमच्याकडे दिल्ली-मुंबईच्या बंगलेवाल्याचा भूखंड रंग बदलतो आणि खाली राहणाऱ्या मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या घर करून राहणाऱ्याला) घराची दुरुस्ती करायला कागद मिळत नाही.

बदलीवाला:
बँकेच्या नोकरीत काही वर्षं केरळात, पालक्काडला होतो. तिथला २००८ चा भातजमीन आणि पाणथळ संवर्धन कायदा या चर्चेत यायलाच हवा. भातशेतीत भराव घालायला बंदी. पण ज्याच्याकडे घरासाठी दुसरी योग्य जागा नाही अशा मालकाला पंचायत हद्दीत १० सेंटपर्यंत आणि शहरी हद्दीत ५ सेंटपर्यंत सवलत. १० सेंट म्हणजे आपले बरोबर चार गुंठे.

यात मला आवडलेली गोष्ट सवलतीची नाही, समितीची. पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, गाव महसूल अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी अशी स्थानिक समिती. कुठलं शेत भाताचं हे गटवार नोंदवलेली एक यादी, तिला तिथं डेटा बँक म्हणतात. घराच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही पहिल्यांदा तो गट यादीत आहे का ते बघायचो. असेल तर समितीचा कागद हवाच. पाणी अडणार नाही ना, शेजारच्या शेताला त्रास नाही ना, हे समितीनं बघायचं असतं. फोंडेकर म्हणतात तशी माणसं विकली जातात तिथंही. पण पाच-सहा जण गावातलेच असले की निदान आरडाओरडा गावातच होतो.

आणि सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१८ च्या दुरुस्तीनं यादीत नसलेल्या जमिनी शुल्क भरून रूपांतरित करायची सोय झाली आणि महसूल कार्यालयांत अर्जांचे ढीग लागले. त्यामुळे यादी नीट झाली पाहिजे, आणि झाली की त्यावर दरवर्षी माफीची दुकानं उघडता कामा नयेत.

सातबारा नाही:
इथं सगळे सातबारावालेच बोलताहेत. कुणाला भावाचं घर, कुणाला खाचर, कुणाला गिऱ्हाईक. आमच्या वस्तीत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नाही. घरकुल मंजूर होतं, सपाट भागात १ लाख २० हजार. हप्ता सोडायला जागेचा उतारा लागतो. जागा नाही म्हणून मंजुरी नुसती पडून. जागा घ्यायला दीनदयाळ योजनेत आधी ५० हजार होते, मग लाख केले. पुण्याजवळ लाखात पाचशे चौरस फूट कोण देतो? प्लॉटिंगवाले, तुम्ही द्याल?

मग राहिलं गायरान. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्या निकालातच भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांबद्दल अपवाद करण्याची जागा ठेवली आहे, ते कुणी वाचून दाखवत नाही. नोटीस येते ती आधी आमच्या पत्र्याला. त्याच गायरानात सभागृह, पाण्याची टाकी, पुढाऱ्याची संस्था, त्यांना काही होत नाही.

वाढीव गावठाण करायचं असेल तर माझा पाठिंबा आहे, एका अटीवर. त्यातले प्लॉट आधी आम्हाला. नाहीतर वरकसावरही ज्याची जमीन त्याचीच चार मजली इमारत उभी राहील आणि आम्ही परत भाड्याच्या खोलीत.

हिल्सबरोकर:
मी अमेरिकेत ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. चिप कंपनीच्या नोकरीमुळे इथं मराठी माणसं बरीच. इथं १९७३ पासून राज्यभर नियोजनाचा कायदा आहे. प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द आखलेली, साधारण वीस वर्षांची घरांची गरज भागेल एवढी जमीन आत. हद्दीबाहेर शेती विभाग. तिथं नवा तुकडा साधारण ८० एकरांहून लहान पाडता येत नाही. चांगल्या जमिनीवर शेतकऱ्यानं घर बांधायचं तर त्या शेतातून वर्षाला ८० हजार डॉलरची विक्री काही वर्षं दाखवावी लागते. माझ्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे लगेच बेरीचं शेत सुरू होतं, मधे बोर्ड नाही, प्लॉट नाही. कडक नियम चालतात, हे मी रोज बघतो.

चौथाहिस्सा:
हिल्सबरोकर, तुमच्याकडे ८० एकरांहून लहान तुकडा नाही. आमच्या राज्यात २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी वहिवाटच १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे साडेतीन एकरांच्या खाली. १९७०-७१ ला ती ४.२८ होती. आमच्या अख्ख्या भावकीचं मिळून तुमचा एक तुकडा व्हायचा नाही. आणि उत्पन्नाचा दाखला दाखवून घर म्हणजे दुष्काळ पडला की घराचाही हक्क गेला.

मला खरा राग कशाचा येतो सांगतो. औद्योगिक वसाहत आली तेव्हा ऊस उभा असताना जमीन गेली. रिंगरोडची मोजणी बागायतीतूनच झाली. तेव्हा सुपीक जमीन, अन्नसुरक्षा, पाण्याचा निचरा काही आडवं आलं नाही. मी दोन खोल्या बांधायला काढल्या की सगळ्या महाराष्ट्राची काळी आई आठवते. जमीन राखायची तर तिची किंमत द्या. शेजारच्या गटाला एन.ए. झाल्यावर जो भाव, तो मला कधीच मिळणार नाही असं नकाशावर हिरवं फासून ठरवणार असाल तर ती फुकटची जबरदस्ती झाली.

हिल्सबरोकर:
हा मुद्दा इथंही पेटला होता. २००४ ला मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला: नियमामुळे जमिनीची किंमत घटली तर भरपाई द्या, नाहीतर नियम माफ करा. पैसे कुठल्याच काउंटीकडे नव्हते, म्हणून माफ्या सुटल्या. मग २००७ ला विधिमंडळानं मांडलेला दुसरा प्रस्ताव मंजूर करून लोकांनीच ते आवरलं, बहुतेकांना तीन घरांपर्यंत परवानगी आणि मोठे लेआउट बंद. एकरांची तुलना चुकीची ठरेल हे मान्य, पण "शेतकऱ्याचं घर चालेल, वसाहत नको" ही रेषा इथंही शेवटी ओढावी लागली.

माहेरवाशीण:
एक बाजू कुणीच काढली नाही. १९९४ ला राज्यानं आणि २००५ ला केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला. वडील गेल्यावर वारस म्हणून माझं आणि बहिणीचं नाव सातबाऱ्याला लागलं. वाटप मागितलं तर भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या वाट्याला सहा गुंठे येतात. तुकडेबंदी आहे, पोटहिस्सा (गटातला वेगळा मोजलेला वाटा) पडत नाही. हक्कसोड कर, साडीचोळी करतो." पोटहिस्स्याबद्दल कायद्यानं तो चुकीचं बोलत नव्हता. जमीन एकत्र राहावी म्हणून केलेल्या नियमाचा हिशेब कुणाच्या अंगावर पडला बघा. भावांची आपसात तोंडी वाटणी झालीच, बांधही पडले. तुकडे झाले नाहीत ते कागदावर.

मला ते सहा गुंठे विकायचे नव्हते. नवरा गेल्यावर मला माहेरच्या गावात दोन खोल्या बांधून राहायचं होतं, एवढंच. माझ्यासारखीला गुंठ्याची सूट मिळाली तर ती मला हवी आहे, खाचरवाले काका, तुमच्या पाण्याला धक्का न लावता.

खाचरवाला:
ताई, तुमचं घर अडवणारा नियम मला नकोच आहे. म्हणून तर जागा बघा म्हणतोय. गटातला वरकस तुकडा, किंवा रस्त्याकडची पट्टी, पाण्याच्या वाटेपासून बाजूला. मालक किंवा वारस स्वतः राहणार असेल तर क्षेत्राची अट नको. दहा वर्षं विकता येणार नाही अशी अट मात्र घाला, म्हणजे तुमच्या नावाखाली प्लॉटिंगवाले शिरणार नाहीत.

प्लॉटिंगवाला:
शिरू की. अट घालाल तेवढ्या वाटा निघतील. पण दहा वर्षं विकायची नाही म्हटल्यावर बँक गहाण घेईल का, ते बदलीवाल्यांना विचारा.

बदलीवाला:
अडचण येईल. वसुलीच्या वेळी बँकेला लिलाव करता यायला हवा, तेवढा अपवाद लिहून ठेवावा लागेल. मग "बुडालेलं कर्ज" दाखवून विक्री होणार, हेही ओघानं आलं.

नकाशावाली:
नगररचनाकार म्हणून काम करते. थोडं तिखट बोलते.

विभाग कुठून येतात? बऱ्याचदा उपग्रहाच्या चित्रावरून. हिरवं दिसलं की शेती विभाग, मग ते भात असो, गवत असो की रिकामी पडीक. रस्ता दिसला की दोन्ही बाजूंना पिवळा निवासी पट्टा. मृदेचा नकाशा, कालव्याच्या चाऱ्या, ओढ्यांच्या वाटा या थरांवर कुणी आराखडा बसवत नाही, कारण ते थर वेगवेगळ्या खात्यांत आहेत. पुणे महानगराचाच आराखडा बघा. प्रारूप २०२१ ला जाहीर झालं, हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२५ ला ते रद्दच केलं. इतकी वर्षं नियम म्हणून जे उरलं ते जुन्या प्रादेशिक आराखड्याचं ठिगळ. या रिकाम्या काळातच गुंठे विकले जातात.

खाचरवाल्यांचं वाढीव गावठाण अडतं ते "कुणाची जमीन" या प्रश्नावर, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. त्याला उत्तर आहे: नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते-मैदान-शाळा-गरिबांची घरं यांना जागा काढायची आणि उरलेल्यात प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात आखीव प्लॉट परत. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला हेच चाललंय. पुण्यातल्याच मगरपट्ट्यात तर सरकारविना झालं. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर एकत्र करून कंपनी काढली आणि तिचे भागधारक झाले. मात्र तिथं शेत उरलं नाही, हेही खरं. मला पाहिजे ती छोटी, गावापुरती योजना: पाच-सात एकर वरकस, त्यात खाचरवाल्यांनाही वाटा. म्हणजे ज्याच्या खाचरावर बंदी आली त्याला वरकसावर एक प्लॉट. चौथाहिस्सांच्या "किंमत द्या" ला पैशाशिवाय देता येणारं माझ्याकडे हे एकच उत्तर आहे. आणि त्यातला ठरावीक भाग भूमिहीनांना, योजनेतच लिहून. ग्रामसभेच्या मर्जीवर सोडून नाही.

सातबारा नाही:
लिहून असलं तर बोला. टक्का किती तो पण लिहा.

नकाशावाली:
कायद्यात टीपी स्कीममध्ये दुर्बल घटकांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येते. "पर्यंत" आहे, "किमान" नाही. गावाच्या योजनेत किमान करून घ्यावं लागेल, ते भांडण वेगळं.

चौथाहिस्सा:
नकाशावाली ताई, टीपी स्कीमला किती वर्षं लागतात?

नकाशावाली:
कागदावर ठरलेली मुदत कमी आहे. प्रत्यक्षात पाच धरून चाला.

चौथाहिस्सा:
माझं लग्न पुढच्या वैशाखात आहे. भाऊसाहेब, माझ्या वाट्याला पंधरा गुंठे, जिरायत, गावठाणापासून दीड किलोमीटर, खाचर नाही, मुरमाड. आज काय करता येईल ते सांगा. चर्चा चालू द्या.

निवृत्त भाऊसाहेब:
तुमचा वाटा वेगळा मोजून हवा असेल तर पंधरा गुंठे जिरायत प्रमाणभूतच्या खाली, म्हणून पोटहिस्सा आज पडणार नाही. गट सामाईकच राहू द्या. संपूर्ण गट चाळीस गुंठ्यांच्या वर असेल तर सगळ्या खातेदारांच्या संमतीनं शेतघराची परवानगी मागा. आराखड्याच्या हद्दीत शेतघराला ०.४ हेक्टरची अट आहे, ती गटावर पुरी होते का हे नगररचना कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. परवानगी एकाच शेतघराची मिळेल, म्हणून भावांचं संमतिपत्र नोंदणीकृत करा. नाहीतर उद्या दुसरा भाऊ अर्ज करेल आणि भांडण तुमच्या दारात.

आणि घराआधी रस्ता. मे २०२५ च्या शासन निर्णयानं शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायला सांगितलं आहे. तुमच्या रानाला जाणारी वाट कुणाच्या बांधावरून जाते? तो आज हो म्हणतोय तोवर अर्ज टाका. घराचा पाया दिसला की वाटेचा भाव वाढतो.

चौथाहिस्सा:
वाट प्लॉटिंग झालेल्या गटातून जाते. दहा नावांचा सातबारा आहे.

निवृत्त भाऊसाहेब:
मग दहाही जणांना नोटीस बजावावी लागेल. त्यातले किती जण सातबाऱ्यावरच्या पत्त्यावर सापडतात ते आधी शोधा.

प्लॉटिंगवाला:
कुठला गट? नंबर सांगा. माझा असेल तर सगळ्यांचे फोन आहेत माझ्याकडे.